पाळीतलं दुखणं आणि योगासनं : माझा दीड वर्षाचा अनुभव (तुमचेही लिहा)

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

बारावीच्या सहामाहीत भौतिकशास्त्राचा पेपर मी अर्ध्यात टाकून उठले होते. पाळीचा पहिला दिवस. ओटीपोटात कळा, मांड्या भरून आलेल्या, आणि वर्गाबाहेर दोनदा उलटी. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "अगं, सगळ्यांनाच असतं हे." घरी आल्यावर आजी पण तेच म्हणाली, फक्त पाठीवरून हात फिरवत. या एका वाक्यावर मी पुढची सहा वर्षं काढली. दर महिन्याला एक-दीड दिवस अंथरुणात जायचा. कॉलेजात प्रॅक्टिकलं बुडाली. नोकरी लागल्यावर पहिल्या तीन महिन्यांत तीन सुट्ट्या गेल्या आणि साहेबांना खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही.

आता मी चोवीस वर्षांची आहे. घर वाईला, नोकरी पुण्यात. गेलं दीड वर्ष नेमाने योगासनं करते आहे आणि एका वहीत नोंद ठेवते आहे. पहिल्या दिवशी किती दुखलं, शून्य ते दहा. सुरुवातीचे आकडे आठ, नऊ, आठ असे आहेत. आता चार-पाच असतात, कधी तीन. एखाद्या महिन्यात अजूनही सात लिहावं लागतं, विशेषतः रात्रपाळीनंतर. गोळी पूर्ण सुटलेली नाही. पूर्वी एका पाळीत पाच-सहा घ्यायचे, आता एक किंवा दोन. हे आकडे मुद्दाम देते आहे, कारण "योगाने पाळीचं दुखणं मुळापासून गेलं" असं कुणी सांगितलं की ज्यांचं गेलं नाही त्या मुलींना आपलंच काही चुकतंय असं वाटत राहतं. मला वाटायचं.

मी आधी काय करायचे, तर कळा सुरू झाल्या की मोबाईलवर व्हिडिओ लावायचा आणि समोरची मुलगी करेल ते करायचं. दोन मिनिटांत रडत आडवी. मग ज्या बाईंकडे शिकायला गेले, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पाळी कधी आहे?" मी म्हटलं, "अजून अठरा दिवस आहेत." त्या म्हणाल्या, "मग बरोबर वेळेला आलीस." पाळीसाठीची आसनं पाळी नसताना करायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हा धागा काढायचं खरं कारण एवढंच आहे.

आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास. मार्जारासन, भुजंगासन, बद्धकोणासन, सेतुबंध, पाठीखाली उशी घेऊन मत्स्यासन, शेवटी भ्रामरी आणि दहा मिनिटं शवासन. यातलं मार्जारासन मला सगळ्यात लागू पडलं. गुडघे आणि तळवे जमिनीवर, श्वास घेताना पाठ खोलगट करत खाली सोडायची आणि छाती पुढे, श्वास सोडताना पाठ मांजरीसारखी वर, हनुवटी आत. इथे बाईंनी माझी एक चूक पकडली. मी पाठ वर नेताना पोट ताणून धरत होते. त्यांनी माझ्या ओटीपोटाखाली नुसता तळवा धरला, न टेकवता, आणि म्हणाल्या, "आता श्वास माझ्या हातावर सोड." तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी चोवीस तास पोट आवळूनच वावरते.

पाळीच्या पहिल्या दिवशी मात्र यातलं काही नाही. त्या दिवशी फक्त सुप्त बद्धकोणासन. लोड नसेल तर घडी केलेलं जाड पांघरूण गुंडाळून त्यावर उशी ठेवायची, कंबर लोडाच्या टोकाला टेकवून पाठ वर टाकायची. तळपाय एकमेकांना जोडायचे, गुडघे बाजूंना सोडायचे आणि दोन्ही गुडघ्यांखाली एकेक उशी. ओढणी कंबरेमागून घेऊन मांड्यांवरून पावलांभोवती बांधली की पाय घसरत नाहीत. पोटावर गरम पाण्याची पिशवी, तिला जुन्या गंजिफ्रॉकची खोळ. दहा-पंधरा मिनिटं. कळ येते आणि जाते, पण तिच्याशी झटापट होत नाही.

तुमचे अनुभव लिहा. न जमलेलं पण लिहा.

द्राक्षवेल

कृष्णाकाठ, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. माझी मुलगी पंधराची आहे, नववीत. पहिलं वर्ष काही त्रास नव्हता, गेल्या सहा-आठ महिन्यांपासून पहिल्या दिवशी शाळा बुडते. सासूबाई म्हणतात, लग्न झालं की, मूल झालं की आपोआप थांबतं. पंधराच्या मुलीला हे कसलं उत्तर? आम्ही नाशिकला असतो, जवळपास योगाचा वर्ग आहे, पण तिथे सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या बायका. ही तिथे जाणार नाही. घरी माझ्याबरोबर केलं तर चालेल का? आणि पहिलं वर्ष काहीच नव्हतं, मग आता का?

सांगलीकर_डॉक

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. द्राक्षवेल, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक आई विचारते.

पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने बहुतेक मुलींमध्ये बीज बाहेर पडत नाही. चक्र बसायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. बीज सुटायला लागलं की पाळीआधी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी गर्भाशयाचा स्नायू आवळतो, आवळला की त्याचा स्वतःचाच रक्तपुरवठा काही क्षण कमी पडतो, आणि कळ येते. हीच द्रव्यं आतड्यावरही काम करतात. म्हणून जुलाब, मळमळ, उलटी. म्हणजे कृष्णाकाठ यांची परीक्षेतली उलटी त्याच दुखण्याचा भाग होती, घाबरटपणा नव्हे. साधारणपणे हे दुखणं अंगावरून जायला लागण्याच्या थोडं आधी किंवा सोबत सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं.

व्यायाम आणि योगाबद्दल: 2019 साली कॉक्रेनचा (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) एक आढावा आला. त्यात 12 चाचण्या आणि 854 स्त्रिया होत्या. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा, 45 ते 60 मिनिटं व्यायाम केलेल्यांमध्ये 100 च्या मोजपट्टीवर दुखणं सरासरी 25 ने कमी दिसलं, आणि हा फरक रुग्णाला जाणवेल इतका मोठा आहे. त्यात योगही होता, ताणाचे व्यायामही, जोराचे व्यायामही. मात्र चाचण्यांचा दर्जा कमी आहे असं त्या आढाव्यातच म्हटलंय, आणि ते मी रुग्णांना सांगतो. इराणमध्ये 18 ते 22 वयाच्या 92 विद्यार्थिनींवरचा एक अभ्यास 2011 साली छापून आला. त्यात फक्त तीन आसनं होती: भुजंगासन, मार्जारासन आणि मत्स्यासन. आणि ती पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात करायची होती, पाळी चालू असताना नाही. दुखण्याची तीव्रता आणि किती वेळ दुखतं, दोन्ही कमी झालं. धागाकर्तीच्या बाईंचं म्हणणं त्याच्याशी जुळतं.

गोळीबद्दलचा गैरसमज पण काढतो. "अगदीच सहन होईना तेव्हा घ्यायची" ही सगळ्यात वाया जाणारी पद्धत आहे. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन वगैरे गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात, म्हणून पहिली कळ जाणवताच, काही खाऊन घेतली तर उपयोग. दमा, पित्ताचा अल्सर, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. 2023 च्या अखेरीस मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने एक इशारा दिला होता. क्वचित कुणाला त्याची गंभीर ॲलर्जी येते. पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज असं काही दिसलं तर गोळी बंद करून लगेच दाखवायचं.

पेठेतली

धागा फार चांगला. वाचनखूण साठवली.

पुण्यात राहणाऱ्यांना या विषयात गीता अय्यंगारांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांची ही थोरली कन्या, 2018 मध्ये गेल्या. आपल्याकडे तेव्हा योग शिकवणारे बहुतेक पुरुष, त्यामुळे पाळीच्या दिवसांत काय, गरोदरपणात काय, हे विचारायचं कुणाला? त्यांनी बाईच्या शरीराचा वेगळा विचार करून क्रम बसवले. माझ्या वर्गात अजूनही पाळी असलेल्या मुली सुरुवातीलाच शिक्षिकेला सांगतात, आणि त्यांना एका बाजूला लोड, घोंगड्या, खुर्ची देऊन वेगळा क्रम देतात. मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा लाजेने मान खाली गेली होती. तिसऱ्या महिन्यात मीच हात वर केला.

कृष्णाकाठने सांगितलेल्यात भर: जानुशीर्षासन (एक पाय लांब, दुसरा दुमडून पुढे वाकायचं), पण कपाळ लोडावर किंवा खुर्चीच्या बैठकीवर टेकवून. वाकण्याला महत्त्व नाही, कपाळाला आधार मिळण्याला आहे. कपाळ टेकलं की जबडा सैल पडतो, आणि जबडा सैल पडला की ओटीपोट. करून बघा. पाळीत शीर्षासन, सर्वांगासन, नौकासन, पोट पिळणारी आसनं, कपालभाती आम्हाला करू देत नाहीत.

तर्कनिष्ठ

उलटी (डोकं खाली, पाय वर) आसनं पाळीत केल्याने रक्त मागे जातं आणि आजार होतो, असं सर्रास सांगतात. याला आधार आहे का? अवकाशात जाणाऱ्या स्त्रियांनाही पाळी येतेच.

सांगलीकर_डॉक

रास्त प्रश्न. थोडं रक्त बीजनलिकांमधून पोटात जाणं हे बहुतेक स्त्रियांमध्ये तसंही होतं, उभ्या असल्या तरी. शीर्षासनाने एन्डोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याचा आजार) होतो असं कुठल्या अभ्यासात दिसलेलं नाही. तरी त्या दोन दिवसांत मी मुलींना उलटी आसनं करायला लावणार नाही. चक्कर येऊ शकते, आणि दुखत असताना तोल सांभाळायचा कशाला? परंपरेचा सल्ला पाळायला हरकत नाही. चुकून झालं तर मुलीला घाबरवायचं मात्र नाही.

फलाट_पाच

डोंबिवलीहून रोज फोर्टला जाते. लोड, घोंगड्या, पाऊण तास यातलं काहीच माझ्याकडे नाही. आम्ही चौघं वन-बीएचकेत. म्हणून माझं सांगते, कुणाला उपयोग होईल.

सकाळी पंधरा मिनिटं, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून. ओट्यावर दोन्ही हात ठेवून पाय मागे न्यायचे, पाठ सरळ, मान दोन्ही हातांच्या मध्ये. कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत. मग तिथेच जमिनीवर मार्जारासन आणि शशांकासन (वज्रासनात बसून पुढे वाकून कपाळ जमिनीला). पहिल्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत खुर्चीवर बसून टेबलावर हातांची घडी, त्यावर कपाळ, आणि श्वास सोडणं लांबवायचं. घेताना चार मोजायचे, सोडताना सहा. गाडीत उभी असतानाही हे करता येतं. आठ महिने झाले. दुखणं थोडं कमी आहे, पण खरा फरक आधीच्या चार दिवसांत पडलाय. पूर्वी पाळीआधी मी घरात सगळ्यांवर खेकसायचे आणि रात्री बाथरूममध्ये जाऊन रडायचे. आता रडू येतं, पण झोप लागते. झोप लागली की दुसरा दिवस सावरतो.

शेवंती

बऱ्याच विचाराने लिहिते आहे. माझी गोष्ट उलटी आहे.

मी एकोणिसाव्या वर्षी योगवर्गाला जायला लागले, कारण पाळीत दुखायचं. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवायच्या. पण दुखणं वाढलं की म्हणायच्या, "सातत्य कमी पडतंय." मी अजून करायचे. पहाटे पाचला उठून करायचे. दुखणं पाळीपुरतं राहिलं नाही, आधी आठवडाभर सुरू व्हायचं, शौचाला जाताना सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. एका ठिकाणी सोनोग्राफी केली, नॉर्मल आली, आणि घरच्यांनी ठरवलं की हिच्या मनाचे खेळ आहेत. चौथ्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. एन्डोमेट्रिऑसिस. अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढलेली, अंडाशय आतड्याला चिकटलेलं.

आता उपचार चालू आहेत आणि मी अजूनही योग करते. कंबर मोकळी राहते, मन थाऱ्यावर राहतं, त्या बाईंवर राग नाही. पण ती चार वर्षं मला कुणी परत देणार नाही. म्हणून या धाग्यावर येणाऱ्या प्रत्येक मुलीला हात जोडून सांगते, तीन-चार महिने नीट करूनही उतार नसेल तर आसनं वाढवू नका, डॉक्टरकडे जा. पहिले डॉक्टर ऐकत नसतील तर दुसऱ्यांकडे.

सांगलीकर_डॉक

शेवंती, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. साध्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणून एन्डोमेट्रिऑसिस नाही असं ठरत नाही. जगात पाळीच्या वयातल्या दहापैकी साधारण एका स्त्रीला तो असतो, आणि निदानाला अनेकींची वर्षं जातात.

बाकीच्यांसाठी: दुखणं वर्षागणिक वाढतंय, पाळी नसतानाही दुखतंय, लघवी-शौचाला दुखतंय, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतंय, सात दिवसांवर अंगावरून जातंय, ताप किंवा घाण वास आहे, वेळेवर गोळी घेऊनही शाळा-कॉलेज बुडतंय, यातलं एकही असेल तर आधी तपासणी. आसनं त्यासोबत चालू राहू शकतात.

अंबाजोगाईची_सिस्टर

मी आरोग्य केंद्रात आहे. सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडे येणाऱ्या पोरींना लोड आणि पट्टा काय माहीत असणार, पण अंगमेहनत भरपूर असते. तरी दुखतं. पुष्कळदा पोरीच्या अंगात रक्तच नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये शंभरात 59 जणींना रक्तक्षय सापडला. अशी पोरगी पाळीत गळून जाते, चक्कर येते, आणि त्यालाच ती "पाळीचा त्रास" म्हणते. लोहाच्या गोळ्या शाळेत फुकट मिळतात, त्या घ्याव्यात. चहासोबत घेऊ नयेत, लिंबूपाण्यासोबत घ्याव्यात.

आणि एक. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं 2019 साली सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. तिशीतल्या, काही त्याहून लहान. पाळीत दुखतंय, खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, मग पिशवीच नको. बाईच्या दुखण्याकडे पोरवयात कुणी लक्ष दिलं नाही की ते असं टोकाला जातं. म्हणून मी शनिवारी शाळेत पोरींना मार्जारासन आणि शशांकासन शिकवते. सतरंजी अंथरते, दार लोटून घेते, आणि आसनं होता होता पोरी बोलायला लागतात. पाळी किती दिवस, कापड वापरतेस का, उन्हात वाळवतेस का. आसनं जमिनीकडे बघत करायची असतात, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून बोलतात असं मला वाटतं.

मधला_भाऊ

मी पुरुष आहे, इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. बहीण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला सदाशिव पेठेत राहते. एका खोलीत चौघी, खाटा लागून लागून. तिला दुवा पाठवला. मी तिच्यासाठी काय करू शकतो?

कृष्णाकाठ

लिहिलंत हे बरं झालं. तिला विजेवर गरम होणारी पिशवी घेऊन द्या, तिथे गॅस नसणार. पुढच्या वेळी फोनवर आवाज बारीक आला तर "काय झालं" न विचारता "दुखतंय का" असं विचारा.

सिस्टर, शाळेतलं वाचून अंगावर काटा आला. तुम्ही एक स्वतंत्र धागा काढाल का?

शेवंती, तुझं म्हणणं मी वर मूळ धाग्यात टाकायला संपादकांना विनंती केली आहे. ते पहिल्यांदा वाचलं जायला हवं.

द्राक्षवेल

साडेतीन महिन्यांनी लिहिते आहे.

आधी डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत बाकी काही नाही, पण हिमोग्लोबिन 9.6. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. गोळी कधी घ्यायची ते त्यांनी मुलीलाच समजावलं, मला नाही. येताना रिक्षात ती म्हणाली, "आई, त्यांनी मला विचारलं किती दुखतं."

आसनं आम्ही दोघी रात्री जेवणाआधी करतो, आठवड्यातून चारदा ठरवलं होतं, तीनदा होतात. तिने स्वतःची वही केली आहे. मला बघू देत नाही, पण परवा आकडा सांगितला. नऊ, आठ, आठ, आणि या वेळी सहा. शाळा या वेळी बुडली नाही, दोन तास उशिरा गेली. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ओवा टाकून पाणी उकळून दिलं आणि "पडून राहा" म्हणाल्या नाहीत. तिच्या पायांखालच्या उशा त्यांनीच सरळ केल्या.

आता एक विचारायचंय. पुढच्या पाळीच्या तारखेला तिची शाळेची सहल आहे, दोन दिवस रायगड. पाठवू का? पायऱ्या चढायला जमेल?

कृष्णाकाठ

ताई, रोपवे आहे तिथे. गोळी, पॅड आणि एक जुनी ओढणी सॅकमध्ये द्या. जायचं की नाही ते तिला ठरवू द्या. तिच्या एका बाईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे मध्येच बसावं लागलं तर कुणी घाई करणार नाही. आणि आल्यावर आकडा कळवा.